‘सगळ्यांची’ ॲन फ्रँक : डायरीतलं ज्यूपण आणि रंगमंचावरचं माणूसपण

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जे पुस्तक निवडलंय ते तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेलं असेल, किंवा निदान वाचल्यासारखं वाटत असेल. ॲन फ्रँकची डायरी. मराठीत तिचे अनुवाद झालेले आहेत, आणि वाढदिवसाला मुलींना भेट म्हणूनही हे पुस्तक दिलं जातं.

‘वाचल्यासारखं वाटत असेल’ असं आम्ही मुद्दाम म्हटलं. ॲन म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? जुन्या घराच्या मागच्या बाजूला लपलेली एक हसरी मुलगी, बाहेर चाललेलं युद्ध, आणि इतकं सगळं होऊनही माणसं मनानं चांगलीच असतात असं सांगणारं तिचं ते एक वाक्य. हे चित्र खोटं नाही. पण ते डायरीतून जितकं आलंय, त्यापेक्षा जास्त एका नाटकातून आणि त्यावरून निघालेल्या सिनेमातून आलंय. ज्यांनी नाटक पाहिलं नाही, सिनेमाही पाहिला नाही, त्यांच्यापर्यंतही ते झिरपत आलंय.

आता एक साधा प्रश्न. ही मुलगी लपली का होती? अनेक जण सांगतील, ‘युद्ध चालू होतं म्हणून.’ युद्ध तर तिच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकासाठीच चालू होतं. तेरा वर्षांच्या या मुलीला लपावं लागलं ते ती ज्यू होती म्हणून. मग जगभर लाडक्या झालेल्या ॲनच्या चित्रातून नेमका हाच शब्द फिका कसा झाला? तो फिका केल्यामुळे ती खरंच ‘सगळ्यांची’ झाली का? आजचं बोलणं याच दोन प्रश्नांवर आहे.

आधी थोडा इतिहास पाहू, कारण त्याशिवाय डायरी कळत नाही.

ॲनचा जन्म १२ जून १९२९ चा, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचा. वडील ऑटो फ्रँक पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात अधिकारी होते. घरात जर्मन पुस्तकं, जर्मन संगीत. हे कुटुंब धर्माचं फार काटेकोर पालन करणारं नव्हतं. स्वतःला जर्मन म्हणवताना त्यांना काही विचार करावा लागत नव्हता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हे कुटुंब ॲम्स्टरडॅमला निघालं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू कोण याची सरकारी व्याख्याच ठरवून टाकली. तुम्ही सिनेगॉगमध्ये जाता का, कुठले सण करता, स्वतःला काय समजता, हे कुणी विचारायचंच नाही. तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असतील, तर तुम्ही ज्यू. बस. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये आणखी एक हुकूम निघाला आणि परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं. म्हणजे डायरी लिहायला बसलेली ॲन कुठल्याच देशाची नव्हती. हे ध्यानात ठेवा. आपल्याला याकडे परत यायचंय.

आणि ज्या नेदरलँड्समध्ये ती मंडळी आली होती, तो देश कसा होता? स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंनी सतराव्या शतकापासून ॲम्स्टरडॅममध्ये आपलं मोठं केंद्र उभं केलं होतं. १७९६ मध्ये तिथं ज्यूंना कायद्यानं समान हक्क मिळाले. मे १९४० मध्ये जर्मन फौजा शिरल्या तेव्हा देशात सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. जानेवारी १९४१ मध्ये हुकूम निघाला की ज्यूंनी आपली नावं नोंदवावीत. जवळजवळ सगळ्यांनी ती नोंदवली. शिस्तीचा देश, चोख नोंदवह्या. नंतर ओळखपत्रावर ‘जे’ अक्षर आलं, मे १९४२ मध्ये कपड्यावर पिवळा तारा आला, आणि जुलै १९४२ मध्ये आगगाड्या सुटू लागल्या. सुमारे १ लाख ७ हजार लोकांना देशाबाहेर नेलं गेलं. परत आले जेमतेम ५ हजार. शेजारच्या बेल्जियममध्ये किंवा फ्रान्समध्ये मेलेल्यांचं प्रमाण यापेक्षा कितीतरी कमी होतं.

हे आकडे आम्ही सांगतो त्याला कारण आहे. मराठी वाचकाला ज्यू माणूस अनोळखी नाही. कोकणातले बेने इस्राएल आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आपल्यासारखीच गावावरून पडलेली त्यांची आडनावं. मराठी बोलणारी ही माणसं. शेजारी ज्यू आहे म्हणून त्याचा द्वेष करायचा, ही गोष्ट आपल्या अनुभवातली नाही. ते चांगलंच आहे. पण त्याचा एक तोटा असा, की डायरी वाचताना युरोपातला शतकानुशतकांचा ज्यूद्वेष आपल्या नजरेतून सुटतो आणि ‘युद्धात असं होतंच’ एवढ्यावर आपण येऊन थांबतो. युद्ध जिंकण्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलीला पोलंडपर्यंत नेण्याची काही गरज नव्हती. तो वेगळाच कार्यक्रम होता.

आता डायरी उघडू.

२० जून १९४२ ची नोंद. डायरी हातात पडून आठवडा झालाय, अजून कुटुंब लपलेलंही नाही. ॲन ज्यूंवर आलेल्या बंधनांची यादी देते. तारा लावायचा. सायकली जमा करायच्या. ट्रॅममध्ये बसायचं नाही. दुपारी तीन ते पाच एवढ्याच वेळात खरेदी. रात्री आठनंतर घराबाहेर पडायचं नाही. नाटक, सिनेमा, पोहण्याचा तलाव, सगळं बंद. शाळासुद्धा ज्यूंची वेगळी. ही यादी ती रडत देत नाही, हवामान सांगावं तशी देते. तेरा वर्षांच्या मुलीला बाहेरून सांगितलं जातंय की तू ज्यू आहेस, म्हणजे तुला काय काय करता येणार नाही.

पण आतून? इथं डायरी खरी रंगतदार होते. डिसेंबर १९४२ च्या एका नोंदीत ती सांगते, की यंदा हनुक्का आणि सेंट निकोलसचा सण जवळजवळ एकत्रच आले. हनुक्का म्हणजे ज्यूंचा दिव्यांचा सण. तो त्यांनी थोडक्यात उरकला. मेणबत्त्या टंचाईच्या, दहा मिनिटांत विझवल्या. खरी मजा आली ती सेंट निकोलसला, जो डच ख्रिस्ती घरांतला मुलांचा सण. त्याआधी एकदा आईनं प्रार्थनेचं पुस्तक हातात कोंबलं, तेव्हाही ॲनला ते फारसं भिडलं नाही. म्हणजे ज्यूपण तिच्या घरात रोजच्या कर्मकांडाचा भाग नाही. तो एक प्रश्न आहे, आणि तो हळूहळू तिच्या अंगावर येतो.

फेब्रुवारी १९४४ मधला पेटरबरोबरचा संवाद पाहा. पेटर तिला म्हणतो, आपण ख्रिस्ती असतो तर आयुष्य किती सोपं गेलं असतं, आणि युद्धानंतर आपण ज्यू होतो हे कुणाला कळणारही नाही. हे ऐकून ॲनच्या मनात कळ उठते. तो आतून प्रामाणिक नाही असं तिला वाटतं. आपण बाप्तिस्मा घेणार नाही असं पेटरही लगेच सांगतो, पण तिला ते पुरत नाही. प्रेमात पडत चाललेली मुलगी आहे ही, आणि तरीही या एका मुद्द्यावर ती मनातल्या मनात मुलाला गुण कमी देते.

मग येते ११ एप्रिल १९४४. खाली गोदामात चोर शिरलेत, पोलीस येऊन पुस्तकांच्या फडताळापर्यंत पोचलेत, रात्रभर आठही जणांनी श्वास रोखून धरलाय. त्यानंतर लिहिलेली ही दीर्घ नोंद. त्यात ॲन विचारते, की आम्हाला इतरांपासून वेगळं कुणी काढलं? इतकं दुःख आमच्याच वाट्याला का? आणि उत्तर शोधत शोधत ती अशा ठिकाणी येते, जिथं ती आधी कधीच नव्हती. आम्ही नुसते डच किंवा नुसते इंग्रज कधीच होऊ शकणार नाही, ज्यूही राहणारच, आणि आम्हाला ते राहायचंही आहे, असा तिचा सूर आहे. कदाचित आमच्या धर्मातूनच जगाला चांगुलपणा शिकता येईल आणि आमच्या सोसण्याचा अर्थ तोच असेल, असंही तिला वाटतं. त्याच नोंदीत पुढे ती म्हणते, की युद्ध संपल्यावर मला डच नागरिक व्हायचंय.

पुढच्याच महिन्यात, २२ मे ला, तिच्या कानावर येतं की डच लोकांतही ज्यूद्वेष वाढतोय आणि जर्मनीतून आलेल्या ज्यूंना युद्धानंतर परत जावं लागेल अशी बोलणी चालली आहेत. जिला देश उरलेला नाही ती मुलगी ज्या देशावर जीव लावून बसली, तो देश आपल्याला ठेवून घेईल की नाही, ही शंका तिच्या मनात उभी राहते. आता ११ एप्रिल आणि २२ मे या दोन्ही नोंदी पाठोपाठ वाचून बघा. हसऱ्या मुलीच्या मागं एक विचार करणारी, घायाळ झालेली आणि तरीही ताठ मानेची व्यक्ती उभी राहते.

या नोंदींचं रंगमंचावर काय झालं, ते पाहू.

ऑटो फ्रँकनी डायरीचं संपादन केलं आणि जून १९४७ मध्ये ती डच भाषेत ‘हेट आख्टरहाउस’ म्हणजे ‘मागचं घर’ या नावानं निघाली. इंग्रजी अनुवाद १९५२ चा. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर नाटक आलं. लेखक फ्रान्सिस गुडरिच आणि आल्बर्ट हॅकेट हे पती-पत्नी, हॉलिवूडमधले मुरलेले पटकथाकार. दिग्दर्शक गार्सन कॅनिन. १९५६ चं पुलित्झर पारितोषिक या नाटकाला मिळालं.

११ एप्रिलच्या नोंदीतला तो ज्यू असण्याबद्दलचा भाग नाटकात नाही. त्या जागी ॲन पेटरला असं काहीसं समजावते, की सोसावं लागलेले आपणच काही एकटे नाही, कधी एका वंशावर ही पाळी येते, कधी दुसऱ्या. हा विचार डायरीतल्या त्या नोंदीच्या बरोबर उलट दिशेचा आहे. तिथं ती ‘आम्हीच का?’ असं विचारते, इथं ‘आपणच असं नाही’ म्हणून सांत्वन करते. असा बदल व्हावा हा आग्रह कॅनिन यांचा होता. ज्यूंच्या विशिष्ट दुःखावर बोट ठेवलं तर नाटक संकुचित होईल, असं त्यांचं म्हणणं.

मग नाटकात ज्यूपण दिसतच नाही का? दिसतं ना. हनुक्काचा प्रसंग आहे, आणि चांगला मोठा आहे. भेटवस्तू आहेत, इंग्रजीतलं आनंदी गाणं आहे. अमेरिकन प्रेक्षकाला तो ज्यूंचा नाताळ वाटावा, असा सगळा थाट. गंमत पाहा. डायरीत जो सण दहा मिनिटांत उरकला, तो रंगमंचावर फुलला, आणि डायरीत जिथं ज्यूपणाचा प्रश्न पेटला, तिथं नाटकानं पाणी ओतलं. सजावट म्हणून ज्यूपण चाललं, विचार म्हणून चाललं नाही.

आणि शेवट. ऑटो फ्रँक डायरी घेऊन उभे आहेत आणि ॲनचा आवाज ते प्रसिद्ध वाक्य ऐकवतो. डायरीत ते वाक्य १५ जुलै १९४४ च्या नोंदीत आहे. ते शेवटचं वाक्यही नाही आणि शेवटची नोंदही नाही. त्याच्या लगेच पुढं ती लिहिते, की जग हळूहळू उजाड होत चाललेलं मला दिसतंय, गडगडाट जवळ येताना ऐकू येतोय, तो आम्हालाही संपवेल, आणि लाखोंचं दुःख मला जाणवतंय. त्यानंतर ती पुन्हा आशेकडे येते. आशा खरी आहे, पण ती विध्वंस बघून मग केलेली आशा आहे. मधला विध्वंस काढून टाकला की उरतो तो सुविचार. १९५९ चा जॉर्ज स्टीव्हन्स यांचा सिनेमा आधी छावणीतल्या ॲनच्या दृश्यावर संपत होता. चाचणी खेळात प्रेक्षकांना ते सोसवलं नाही. ते दृश्य गेलं, सुविचार राहिला.

असं नुसतं अमेरिकेतच घडलं असं मात्र नाही. १९५० चा जर्मन अनुवाद घ्या. ॲनच्या त्या घरात एक गमतीची नियमावली होती, तिच्यात सुसंस्कृत भाषाच बोलायच्या, म्हणजे जर्मन नाही, असा टोमणा होता. जर्मन अनुवादात तो टोमणा गेला, उरलं ते फक्त हळू बोला म्हणून. जगात जर्मन आणि ज्यू यांच्याइतकं वैर कुठं नाही, या अर्थाचं ॲनचं विधान तिथं ‘या जर्मनांपुरतं’ झालं. अनुवाद करणाऱ्या आनेलीझे श्युट्स स्वतः जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू होत्या. जर्मनीत खपायच्या पुस्तकात जर्मनांना शिव्या देऊन कसं चालेल, असा त्यांचा हिशेब होता.

आता दुसऱ्या बाजूचंही म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि ते हलकं नाही. हे ज्यूंचं पुस्तक नाही, त्याचं ज्यू नाटक करू नका, असं खुद्द ऑटो फ्रँकनी लिहिलं होतं. ज्या माणसाची बायको, दोन्ही मुली गेल्या, ज्याला आयुष्यभर जर्मन असूनही केवळ ज्यू म्हणून मोजलं गेलं, त्याला आपल्या मुलीवर पुन्हा तोच एक शिक्का नको होता. यात कमीपणा काय? शिवाय नाटक पोचलंही. १९५६ मध्ये जर्मनीतल्या अनेक शहरांत ते एकदमच लागलं. पडदा पडल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, लोक मुकाट्यानं उठून गेले, असं तेव्हाच्या बातम्यांत आहे. जे भाषणांनी झालं नाही ते त्या नाटकानं थोडंफार केलं.

पण त्या शांततेबद्दलही विचारावं लागतं. प्रेक्षक कुणासाठी रडत होते? ‘कधी एका वंशावर, कधी दुसऱ्या’ असं म्हटलं की मारणाराही हरवतो. पाळी येते म्हणजे पावसासारखी येते का? कुणीतरी हुकूम काढला होता, कुणीतरी नोंदवही भरली होती, कुणीतरी गाडीला झेंडा दाखवला होता.

अमेरिकन ज्यू कादंबरीकार मेयर लेविन यांना हे सहन झालं नाही. वार्ताहर म्हणून मुक्त झालेल्या छावण्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी लिहिलेलं नाट्यरूप नाकारलं गेलं, ते कोर्टात गेले, आणि आयुष्याची कित्येक वर्षं त्या भांडणात घालवली. ते आक्रस्ताळे झाले हे खरं, पण त्यांचा मूळ मुद्दा बरोबर होता. १९९७ मध्ये सिंथिया ओझिक या लेखिकेनं तर असं सुचवलं, की डायरीची अशी चव घालवण्यापेक्षा ती जळून गेली असती तरी बरं झालं असतं. त्याच वर्षी वेंडी केसलमन यांनी केलेली नाटकाची सुधारित आवृत्ती ब्रॉडवेवर आली आणि डायरीतला बराच ज्यू संदर्भ परत आला.

ओझिकबाईंचा संताप आम्हाला समजतो, पण त्यांच्या टोकापर्यंत आम्ही जाणार नाही. एक तर डायरी शाबूत आहे. ११ एप्रिलची नोंद ऑटो फ्रँकनी पुस्तकात ठेवली होती, ती कापली नाटकानं. दुसरं असं, की ॲनला केवळ ज्यू दुःखाचं प्रतीक केलं, तरी सेंट निकोलसला खूश होणारी, डच नागरिक होऊ पाहणारी मुलगी आपण पुन्हा गाळणारच. तिला एकाच ओळखीत कोंबण्याचं काम १९३५ च्या कायद्यानं केलं होतं. ते आपण चांगल्या हेतूनंही करू नये.

आमचं म्हणणं एवढंच, की ज्यू आणि माणूस यांतलं एक निवडा, असं ॲननं स्वतः कधी म्हटलेलंच नाही. ११ एप्रिलला ती जगाच्या चांगुलपणापर्यंत पोचते, ती कुठल्या वाटेनं? ज्यू म्हणून राहण्याच्या निश्चयावरून. नाटककारांना वाटलं, ज्यूपण ही अडचण आहे, ती दूर केली की ॲन सर्वांना भिडेल. डायरीत ती अडचण नाही, ती तिची वाट आहे. आणि ती बुजवली म्हणून ॲन मोठी झाली नाही, उथळ झाली.

शेवटी, डायरीत जे नाही त्याबद्दल. डायरी १ ऑगस्ट १९४४ ला थांबते. ४ ऑगस्टला आठही जण पकडले गेले. आधी वेस्टरबोर्क. ही छावणी १९३९ मध्ये डच सरकारनंच जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी बांधली होती, पुढे तिथूनच आगगाड्या सुटल्या. लपून राहिले हा गुन्हा, म्हणून फ्रँक कुटुंबाला तिथं शिक्षेच्या बराकीत ठेवलं. ३ सप्टेंबरला वेस्टरबोर्कहून आउशवित्झला जाणारी शेवटची गाडी निघाली. तिच्यात १,०१९ माणसं होती, फ्रँक कुटुंबही. १९४५ च्या सुरुवातीला, बर्गन-बेल्झनमध्ये, आधी मार्गो आणि मग ॲन टायफसनं गेल्या. १५ एप्रिलला ती छावणी मुक्त झाली. आठांपैकी परतले ते एकटे ऑटो. माणसं मनानं चांगली असतात की नाही, याबद्दल बर्गन-बेल्झनमधल्या ॲनला काय वाटत होतं, हे आपल्याला सांगायला तिच्याजवळ वही नव्हती. ते वाक्य तिच्या तोंडी आयुष्याचा निष्कर्ष म्हणून घालण्याचा अधिकार म्हणूनच कुणालाही नाही.

तेव्हा मंडळी, डायरी घरात असेल तर एवढं करा. १५ जुलैची नोंद पुरी वाचा, त्या एका वाक्यापाशी थांबू नका. मग ११ एप्रिल, २२ मे आणि फेब्रुवारीतला पेटरचा प्रसंग वाचा. शाळेत कुणी हे पुस्तक शिकवत असेल, तर मुलांना आधी ती २० जूनची यादी वाचायला द्या, आणि प्रत्येक बंधनापुढे ते कुणी घातलं असेल हे विचारा. आज इथंच थांबू. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी सुरुवात त्यांच्यापासूनच करू.